चेंबरमध्ये काडतूस ठेवावे की नाही?

पहिलाच_परवाना

नमस्कार. स्वसंरक्षणासाठी घेतलेले पिस्तूल नेमके कोणत्या अवस्थेत बाळगावे, या एका मुद्द्यावर गेले चार महिने माझा निर्णय होत नाही. ज्यांना विचारावे ते इतक्या ठामपणे एकमेकांच्या विरुद्ध सांगतात, की शेवटी येथे विचारायचे ठरवले.

पिस्तूल नऊ मिलिमीटरचे, स्ट्रायकर पद्धतीचे, म्हणजे बाहेर घोडा नसलेले आणि आतल्या स्प्रिंगवरच्या पिनने काडतूस उडवणारे आहे. बाहेरून लावायची सेफ्टी त्याला नाही. चापाच्या मधोमध असलेली छोटी पट्टी दाबली गेली तरच चाप मागे जातो, एवढीच दिसणारी सोय आहे. कामामुळे मला आठवड्यातून तीन-चार वेळा रात्री उशिरा एकट्याने परतावे लागते आणि त्या वेळी ते कमरेला असते. ज्यांच्याकडे मी प्रशिक्षण घेतले त्या सरांचे म्हणणे असे, की चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते ती जागा, रिकामे असेल तर आपण पिस्तूल नव्हे, नुसते ओझे बाळगत आहोत. उलट माझ्या मामांनी तीस वर्षांच्या सशस्त्र नोकरीत चेंबर कायम रिकामे ठेवले आणि ‘जी गोळी चेंबरात नाही, ती चुकून सुटत नाही’ हे त्यांचे बोलणे खोडून काढणे मला आजवर जमलेले नाही.

सध्या मी मधला मार्ग धरला आहे. बाहेर पडताना पिस्तूल पूर्ण भरतो, घरी आल्यावर पूर्ण रिकामे करतो, मॅगझिन (काडतुसांचा सुटा कप्पा) एका कपाटात आणि पिस्तूल दुसऱ्या कपाटात ठेवतो. घरात पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि माझे वडील आहेत. पंधरा दिवसांपूर्वी मी ते पुसायला घेतले, सवयीने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढली आणि एक जिवंत काडतूस बाहेर पडून फरशीवरून घरंगळत गेले. आदल्या रात्री मॅगझिन काढतानाच फोन वाजला होता आणि स्लाइड ओढायची राहून गेली होती. माझ्या पिस्तुलाचे भाग सुटे करण्याआधी चाप दाबावाच लागतो. त्या दिवशी सवयीने स्लाइड ओढली नसती तर काय झाले असते, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

तर बाहेर असताना चेंबर भरलेले असावे का, घरी आल्यावर काय करावे, आणि हे रोजचे भरणे-रिकामे करणे शहाणपणाचे आहे का, यावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

जुना_नेमबाज

आपला तिसरा प्रश्न आपल्याला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटलेला दिसतो, म्हणून तो शेवटी आला आहे. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पण आधी पहिल्याचे उत्तर देतो.

‘भरलेले’ या एका शब्दात निरनिराळ्या अवस्था कोंबल्या जातात आणि त्यामुळे निम्मे वाद होतात. अमेरिकी मरीन दलातील अधिकारी आणि नंतरचे नामांकित प्रशिक्षक जेफ कूपर यांनी या अवस्थांना क्रमांक दिले, ते जगभर वापरले जातात. चेंबरमध्ये काडतूस, घोडा (चाप दाबल्यावर आघात करणारा मागचा भाग) चढवलेला आणि सेफ्टी काढलेली, ही शून्य क्रमांकाची अवस्था. तसेच सगळे, पण सेफ्टी लावलेली, ही पहिली. चेंबरमध्ये काडतूस पण घोडा खाली उतरवलेला, ही दुसरी. मॅगझिन भरलेले पण चेंबर रिकामे, ही तिसरी. आणि मॅगझिनही काढलेले, ही चौथी. आपले सर पहिल्यासारख्या अवस्थेची बाजू घेत आहेत, मामा तिसरीची, आणि आपण स्वतः रोज पहिली ते चौथी असा प्रवास जाऊन-येऊन करत आहात.

मात्र हे क्रमांक जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ सालच्या पिस्तुलासारखी, म्हणजे बाहेर घोडा आणि अंगठ्याने लावायची सेफ्टी असलेली शस्त्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. तेथे दुसरी अवस्था सर्वांत वाईट, कारण भरलेल्या चेंबरवर घोडा अंगठ्याने सावकाश उतरवावा लागतो आणि अंगठा निसटला की गोळी सुटते. आपल्यासारख्या स्ट्रायकर पिस्तुलात घोडाच नाही. गास्टन ग्लॉक यांचे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीकारले, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. त्यात चापावरची पट्टी, काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनला आडवा येणारा खिळा आणि पिस्तूल पडले तरी स्ट्रायकर सुटू न देणारी खाच, अशा तीन गोष्टी आहेत आणि चाप ओढला जाताना तिन्ही एकामागून एक मोकळ्या होतात. म्हणजे चाप मागे गेल्याशिवाय गोळी सुटू नये अशी ही रचना आहे. पण चाप कशामुळे मागे गेला, बोटामुळे की शर्टाच्या टोकामुळे, हे तिला कळत नाही. चापाला साधारण अडीच किलोचा जोर पुरतो.

यावरून माझे उत्तर असे, की अशा पिस्तुलाची खरी सेफ्टी म्हणजे त्याचे होल्स्टर, म्हणजेच ते कमरेला बाळगायचे म्यान. चाप पूर्ण झाकणारे, कडक, तोंड मिटून न जाणारे, कमरेला घट्ट बसणारे आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेले होल्स्टर असेल, तर बाहेर असताना चेंबर भरलेले ठेवावे. तसे होल्स्टर नसेल, पिस्तूल खिशात, पिशवीत किंवा गाडीच्या कप्प्यात नुसते टाकले जात असेल, तर चेंबर भरू नये. किंबहुना त्या प्रकारे ते बाळगूच नये. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना घाई कधीही करू नये, कारण काढायची घाई एक वेळ असू शकते, ठेवायची नसते. कापड आत अडकून गोळी सुटल्याच्या घटना त्याच क्षणाच्या असतात.

आता तिसरा प्रश्न. पिस्तूल होल्स्टरमध्ये शांत बसलेले असताना आपोआप फारसे काही होत नाही. अपघात होतात ते हाताळताना, आणि आपण ते आठवड्यातून तीन-चार दिवस दोन-दोनदा हाताळत आहात. थकलेला माणूस, रात्रीची वेळ, मध्येच वाजलेला फोन, आणि क्रम चुकला. आपला तरी पहिला टप्पा बरोबर झाला होता. काही जण मॅगझिन आत ठेवून आधी स्लाइड ओढतात; एक काडतूस बाहेर पडलेले पाहून त्यांचे समाधान होते, पण त्याच ओढीत मॅगझिनमधले दुसरे चेंबरमध्ये गेलेले असते, मग ते मॅगझिन काढतात आणि हातातले भरलेले पिस्तूल रिकामे समजतात. आपण ज्याला मधला मार्ग म्हणता, तो मला दोन्ही टोकांपेक्षा अधिक धोक्याचा वाटतो.

संथ_पाऊल

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी मामांच्या बाजूने बोलणार आहे.

रिकामे चेंबर ही भित्र्यांची सवय आहे असे काही प्रशिक्षक सुचवतात, ते योग्य नाही. इस्रायलमध्ये ही पद्धत दीर्घकाळ शिकवली गेली आणि तिच्यामागे ठोस कारण होते. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे निरनिराळ्या देशांतून आलेली, निरनिराळ्या सेफ्टीची आणि निरनिराळ्या वयाची पिस्तुले होती, आणि ती वापरणारे लोकही एकाच तालमीतले नव्हते. चेंबर रिकामे ठेवा, गरज पडली की पिस्तूल काढता काढता स्लाइड ओढा, हा एकच नियम प्रत्येक पिस्तुलाला आणि प्रत्येक माणसाला लागू पडत होता.

शिवाय आपण सर्व जण कारखान्याच्या रचनेवर जितका विश्वास टाकतो, तितका टाकण्यासारखा तिचा इतिहास नाही. १९४४ मध्ये स्मिथ अँड वेसनचे एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून गोळी सुटली आणि एक नौसैनिक मरण पावला. त्यानंतर कंपनीने घोडा अडवणारा भाग नव्याने बनवला. अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, सिग सावरच्या पी-३२० या पिस्तुलाची ठरावीक कोनात पडल्यावर गोळी सुटू शकते असे चाचण्यांत दिसले आणि कंपनीला आतले भाग विनामूल्य बदलून देण्याची योजना जाहीर करावी लागली. दोन्ही वेळा ती शस्त्रे साधी नव्हती. सैन्याने निवडलेल्या घराण्यातली होती.

मी स्वतः वर्षातून फार तर पाच-सहा वेळा सरावाला जातो. इतक्या कमी सरावाच्या माणसाने कंबरेला तयार चाप बाळगण्यापेक्षा एक सेकंद गमावलेला बरा, असे माझे मत आहे आणि प्रश्नकर्त्यांनीही आपला सराव किती, हे आधी स्वतःला विचारावे.

जुना_नेमबाज

संथ_पाऊल यांचा सरावाचा मुद्दा मला मान्य आहे. पडल्यावर सुटणाऱ्या जुन्या रचनांबद्दलही दुमत नाही. फायरिंग पिन अडवणारा खिळा नसलेले जुने पिस्तूल कोणी वापरत असेल तर मीही चेंबर रिकामे ठेवायलाच सांगेन. पण ‘एक सेकंद’ हा हिशेब फसवा आहे.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एक साधे मोजमाप प्रसिद्ध केले. होल्स्टरमधून पिस्तूल काढून सात यार्डांवर नेमका मारा करायला सराव असलेल्या माणसाला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि चाकू घेऊन धावणारा माणूस तेवढ्याच वेळात एकवीस फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर पार करतो. पुढे लोकांनी या आकड्याचा ‘एकवीस फुटांचा नियम’ करून टाकला, तो त्यांचा हेतू नव्हता. तरीही त्यातून एवढे दिसते, की जवळच्या हल्ल्यात शिलकीचा सेकंद नसतो.

त्याहून मोठा अडथळा वेळेचा नाही, हातांचा आहे. स्लाइड ओढायला दोन मोकळे हात लागतात. अंगावर कोणी आले असताना दुसरा हात त्याला ढकलत असतो, दार धरून असतो, मुलीला मागे सारत असतो किंवा जखमी झालेला असतो. एका हाताने पट्ट्याच्या कडेवर घासून स्लाइड ओढण्याचे तंत्र आहे, पण ज्याला ते तंत्र साधते त्याला भरलेले चेंबर सांभाळणे त्याहून कितीतरी सोपे जाते. घाबरलेल्या हाताने स्लाइड अर्धीच ओढली जाते आणि काडतूस वाकडे अडकते, हे मी सरावातही अनेकदा पाहिले आहे, आणि तेथे तर समोर कागदाचे लक्ष्य होते.

सहावा_कप्पा

थोडक्यात लिहितो. १८७३ च्या कोल्टसारख्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरे असूनही पाचच काडतुसे भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवत, कारण घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटत असे. रूगरने १९७३ मध्ये मधली पट्टी आणली, जी चाप मागे असल्याशिवाय घोड्याचा आघात फायरिंग पिनपर्यंत पोहोचू देत नाही, आणि तेव्हापासून त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहावे घर रिकामे ठेवायची गरज उरली नाही. आजचे दुहेरी क्रियेचे, म्हणजे चाप ओढला की घोडा आपोआप चढून पडतो असे रिव्हॉल्व्हर पूर्ण भरून ठेवता येते, त्याचा चाप लांब आणि जड असतो, आणि ते भरलेले आहे की नाही हे बाजूने पाहूनही बऱ्याच अंशी कळते. चेंबर भरावे की नाही हा प्रश्न ज्याला झोप लागू देत नाही, त्याने हा पर्याय अवश्य पाहावा. त्याचा तोटाही सांगतो. जड चापामुळे नेम हलतो, आणि तो हलू नये म्हणून सराव अधिक करावा लागतो.

बालरोगतज्ज्ञ

मी नेमबाज नाही, परंतु प्रश्नात सात वर्षांची मुलगी आहे आणि उत्तरांमध्ये तिचा उल्लेख फक्त एकदा, तिला मागे सारण्यापुरता आला, म्हणून लिहीत आहे.

२००१ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आठ ते बारा वर्षे वयाच्या ६४ मुलग्यांना दोन-तीन जणांच्या २९ गटांत एका खोलीत बसवले आणि खणात एक खरे, पण रिकामे पिस्तूल ठेवले. त्यात चाप पुरेशा जोराने दाबला गेला तर कळेल अशी योजना होती. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप दाबला. ज्यांनी ते हाताळले किंवा जे त्या वेळी तेथे होते, त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना शस्त्राच्या सुरक्षिततेविषयी आधी काही ना काही शिकवलेले होते. म्हणून ‘आमच्या मुलीला हात लावायचा नाही हे ठाऊक आहे’ या वाक्यावर कोणीही विसंबू नये. चाप जड असेल तरी मुले पिस्तूल उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबतात, आणि तेव्हा नळी त्यांच्याच चेहऱ्याकडे असते.

आपण पिस्तूल आणि मॅगझिन निरनिराळ्या कपाटांत ठेवता, हे चांगले आहे. पण ती कपाटे कुलूपबंद आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. २००५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात शस्त्र कुलुपात असणे, ते रिकामे असणे, काडतुसे वेगळी असणे आणि काडतुसे कुलुपात असणे, या चारही गोष्टींचा संबंध मुलांच्या व किशोरांच्या इजा आणि आत्महत्या कमी असण्याशी आढळला होता.

आत्महत्या हा शब्द मुद्दाम लिहिला. घरातील शस्त्राची चर्चा नेहमी चोराभोवती फिरते; पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी साधारण नऊ प्राणघातक ठरतात. घरात किशोरवयीन मूल, दीर्घ आजारी व्यक्ती किंवा नैराश्यात असलेले कोणी असेल, तर चेंबरचा प्रश्न बाजूला ठेवून शस्त्र काही काळ घराबाहेर, कायद्याने चालेल अशा ठिकाणी ठेवता येते का, ते आधी पाहावे.

पहिलाच_परवाना

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, कपाटांना कुलूप आहे, परंतु दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतात आणि तो जुडगा दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला असतो. हे लिहितानाच मला ते कसे दिसते ते कळले. आणि आणखी एक गोष्ट, जी मी प्रश्नात लिहिली नव्हती: आईच्या जाण्यानंतर वडील बरेच गप्प झाले आहेत.

जुना_नेमबाज, रोज रिकामे करू नये असे म्हटले तर घरी आल्यावर नेमके काय करावे? शिवाय मॅगझिन कायम भरलेले ठेवल्याने स्प्रिंग बसते, असे मामा म्हणतात, ते खरे आहे का?

जुना_नेमबाज

स्प्रिंगचे आधी. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्याने सहसा बिघडत नाही, पुन्हा पुन्हा दाबून सोडल्याने थकते. त्या दृष्टीनेही आपली रोजची भर-उतर स्प्रिंगला अधिक जड जाते. काडतुसाचे तर त्याहून वाईट. तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये ढकलले गेले की प्रत्येक आघाताने त्यातली गोळी केसभर आत सरकते, आतली जागा कमी होते आणि ते उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो. आपले वरचे काडतूस नव्या काडतुसाशेजारी सपाट जागेवर उभे करून पाहा. ते बुटके दिसले तर पुन्हा वापरू नका.

घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमधून काढूच नये. होल्स्टरसकट पट्ट्यावरून उतरवावे आणि तसेच, चाप झाकलेल्या अवस्थेत, भिंतीला किंवा जड पलंगाला बोल्टने पक्क्या केलेल्या छोट्या पोलादी पेटीत ठेवावे. पेटी बटणांच्या अंकांवर उघडणारी असावी. बोटाचा ठसा ओला किंवा मळलेला असेल तर वेळेवर न ओळखण्याचा धोका असतो, आणि किल्ली म्हटली की ती कोठे ठेवायची हा प्रश्न पुन्हा आलाच. पेटीची बॅटरी दर काही महिन्यांनी न विसरता बदलावी. यामुळे पिस्तूल दोनच ठिकाणी असते, अंगावर किंवा पेटीत, आणि दोन्ही ठिकाणी एकाच अवस्थेत असते. साफसफाईसाठी रिकामे करायचे तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, नळी गोळी अडेल अशा दिशेला धरावी आणि घरातली साधी भिंत गोळी अडवत नाही हे ध्यानात ठेवावे. आधी मॅगझिन, मग स्लाइड, ती मागे अडकवून डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत आणि त्यानंतरच चापाला हात लावावा. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात. जेथे परवान्याच्या अटी घरात शस्त्र रिकामेच ठेवायला सांगतात, तेथे अर्थातच त्या अटी पाळाव्यात. मग तेवढ्यासाठी हाच क्रम रोज, त्याच जागी, तसाच करावा.

परंतु आपण वडिलांविषयी लिहिले, त्यानंतर माझा सल्ला बदलतो. पेटीचे अंक आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नसावेत आणि ते जन्मतारखेचे नसावेत. आणि डॉक्टरांनी शेवटी जे सुचवले आहे, त्याचा विचार माझ्या सगळ्या तांत्रिक मजकुराच्या आधी करावा.

संथ_पाऊल

होल्स्टरसकट पेटीत ठेवण्याची कल्पना मलाही पटली. रिकाम्या चेंबरनेही ती तशीच करता येते. सरावाबाबतचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

पहिलाच_परवाना

सरावाबाबत आपले म्हणणे मी मानतो. किल्ल्यांचा जुडगा खुंटीवरून काढला आहे. सरांशी बोललो, त्यांच्या रेंजच्या शस्त्रागारात परवानाधारकाचे पिस्तूल कायदेशीर नोंद करून ठेवण्याची सोय आहे आणि पुढचे तीन महिने ते तेथेच राहील. त्या काळात दर आठवड्याला तेथे जाऊन, रिकाम्या पिस्तुलाने होल्स्टरमधून काढण्याचा आणि सावकाश परत घालण्याचा सराव त्यांच्या देखरेखीखाली करणार आहे. रात्रीचा परतीचा प्रवास तोवर एका सहकाऱ्याबरोबर होईल. वडिलांना घेऊन परवा डॉक्टरांकडे जात आहे. वरचे काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे करून पाहिले. ते उघड्या डोळ्यांना दिसेल इतके बुटके झाले होते.